पडद्यावरचा पंजा

१

चाळीस माणसांनी खून बघितला आणि टाळ्या वाजवल्या.

मी सोमनाथ अहिरे, हवालदार, मूळ गाव देवळा. बावीस वर्षांच्या नोकरीत मारामारीचे बघे पाहिले, पळ काढणारे पाहिले, मोबाईल काढणारे तर हल्ली हमखास असतात. पण टाळ्या? त्या सकाळी अंबडच्या बंद कारखान्यात पोचलो तेव्हा एक बाई रडत रडत सांगत होती, "अहो, आम्हाला वाटलं, किती खरं करतात!" तिच्या गळ्यात अजून हेडफोन लटकत होता.

प्रकार असा. पत्र्याचे सुटे भाग ठोकणारा हा कारखाना दहा वर्षांपूर्वी बंद पडला. त्याच्या उघड्या आवारात 'पहिली पाळी' नावाचा खेळ लावला होता. स्टेज नाही, खुर्च्या नाहीत. सकाळी सहाला प्रेक्षकांना हेडफोन द्यायचे आणि त्यांनी आवारभर हिंडायचं. कानात जुन्या प्रेस मशिनांची धडधड, भिंतीवर कामगारांची चित्रं, आणि समोर निळ्या डांगरीतली पोरं त्या ठोक्यावर नाचतायत. हेडफोन काढला तर सगळं चिडीचूप. आमच्याकडे लग्नात डीजे लावून अख्ख्या गावाला बहिरं करतात, इथे एकेकाला वेगळं बहिरं करायची सोय होती.

पूर्वेला दोन खांबांच्या मध्ये पांढरं कापड ताणलं होतं. सूर्य त्याच्या मागून वर आला, की मागे उभ्या माणसांच्या सावल्या कापडावर पडायच्या. शेवटचा प्रसंग संपाचा. कामगाराची सावली साहेबाच्या सावलीला पाइपने मारते. पाइप रबराचा. साहेबाचं काम हर्षल देवरे करायचा. हा सगळा खेळ बसवलेला त्यानेच.

त्या दिवशी पाइप लोखंडी होता.

नऊ घाव. पहिल्या घावाला हर्षलचा हात वर झाला तो तसाच राहिला. तिसऱ्याला तो गुडघ्यावर आला. पुढचे सहा जमिनीवरच्या डोक्यावर. प्रत्येक घाव कानातल्या ठोक्यावर अचूक पडत होता आणि लोक माना डोलवत होते. मग कापडावर मागून एक लाल पंजा उमटला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. करंगळी नाही, तिच्या शेजारचंही नाही.

तीन बोटांचा तो पंजा बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही, कारण हेडफोन कानावरच होते.

२

कापडामागे गेलो. हर्षलचं डोकं नारळ फुटल्यासारखं झालं होतं. त्याच्याजवळ एक म्हातारा बसला होता. मांडीवर त्याचं डोकं घेतलेलं, सदरा रक्ताने चिकट. मी विचारलं, "नाव?" त्याने वर बघितलं नाही. मी ओरडलो. तरी नाही. शेवटी खांदा धरून हलवला तेव्हा त्याने कानाकडे बोट करून मान हलवली.

त्या हाताला तीनच बोटं होती.

सावळीराम पगारे. याच कारखान्यात तीस वर्षं प्रेस चालवली. दोन बोटं मशिनने नेली आणि कान आवाजाने. हर्षलने त्याला खेळात सल्लागार म्हणून घेतलं होतं. कामगार कसा उभा राहतो, पत्रा कसा सरकवतो, तुटक्या बोटांचा हात कसा वर करतो, हे सगळं त्याने नाचणाऱ्या पोरांना शिकवलं. आदल्या संध्याकाळी त्याने सगळ्यांसमोर हर्षलला सांगितलं होतं, "ती फिलिम दाखवशील तर डोकं फोडीन तुझं."

आता मला आणखी काय पाहिजे होतं? धमकी होती, रक्त होतं, पंजा होता.

आमच्या साहेब, सहायक निरीक्षक मनीषा गांगुर्डे, चैत्राच्या यात्रेच्या बंदोबस्ताला वणीला होत्या. येईपर्यंत तीन तास. मी म्हणालो, तोवर कबुली तयार ठेवू. साहेब खूश होतील.

जे केलं ते सरळ सांगतो, कारण नाही सांगितलं तर या गोष्टीला अर्थ नाही. कारखान्याच्या जुन्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी घ्यायच्या खोलीत, त्याला समोर बसवलं. टेबलावर हात ठेवायला लावला. तोच हात. "याच हाताने मारलं ना?" त्याला ऐकू येत नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, थेरडं नाटक करतंय. मी काठी हाणली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्याला हाड वाजलं, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मी गेटवर व्हतो साहेब. मी त्याला नाय मारलं."

मी अटकेचा कागद लिहायला घेतला.

३

मॅडम साडेनऊला आल्या. आधी म्हाताऱ्याचा हात बघितला, मग माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याला दवाखान्यात पाठवलं आणि म्हणाल्या, "एकेकाला बोलवा. मी ऐकते, तुम्ही गप्प बसा."

पहिली संजना. आवाज आणि भिंतीवरची चित्रं दोन्ही तिच्याकडे. ती आवाराच्या मधोमध टेबलाशी बसलेली, चाळीस लोकांच्या डोळ्यांसमोर. डोळे कोरडे.

"सावळीरामबाबांचं आणि हर्षलचं भांडण कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"बोटांवरून. बाबा वीस वर्षं सांगत आले की हात आत जाऊ नये म्हणून मशिनवर असते ती जाळी कंपनीने काढून ठेवली होती, म्हणून बोटं गेली. खरं म्हणजे काम भराभर व्हावं म्हणून जाळी त्यांनीच काढली होती. एकदा बोलता बोलता हर्षलकडे बोलून गेले. हर्षलने गुपचूप रेकॉर्ड केलं. ते आज दाखवायचं म्हणत होता. मी नको म्हणाले, तर मलाच म्हणाला, तू उद्यापासून येऊ नकोस."

"आणि ते दाखवलं?"

"नाही. मी फाइलच लावली नाही. बाबांच्या मनगटाला माइक मीच बांधायचे हो, महिनाभर, प्रेसचा दांडा ओढताना. तो हात मला पाठ आहे. त्या हाताला मी लाजवणार नव्हते."

दुसरी पायल, नाचणारी. चेहरा पांढराफटक. महिन्यापूर्वी तालमीत चूक झाली म्हणून हर्षलने तिच्या कानाखाली वाजवली होती, हे तिने स्वतःहूनच सांगितलं. "रागावले होते मी दादावर. पण मारामारीच्या वेळी मी पाण्याच्या टाकीवर होते, एकटी नाचत. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये मी आहे." ते खरं होतं. मोबाईलमध्ये डावीकडे टाकीवर पायल, उजवीकडे कापडावर सावल्या.

तिसरा योगेश खैरनार. कामगाराची सावली म्हणजे रोज हाच. पण त्या सकाळी तो आम्हाला कपडे बदलायच्या खोलीत सापडला होता, नुसत्या बनियनवर, डोक्यामागे खोक पडलेली, बेशुद्ध. मीच त्याला उठवून बसवलं होतं. त्याच्या कानावरचा हेडफोन मीच काढला आणि सवयीने स्वतःच्या कानाला लावून बघितला. आत प्रेस अजून धाडधाड चालू होती, गोंधळात ती बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. त्याची डांगरी, हेल्मेट आणि हातमोजे रक्ताने भिजून गेटजवळच्या भिंतीमागे सापडले. आणि खेळ चालू असताना गेटवर कोण बसलेलं? म्हातारा.

योगेशच्या डोक्याला पट्टी होती. "मॅडम, मी तयार होऊन बसलो होतो. माझा प्रसंग दहा मिनिटांवर होता. मागून पावलं आली. पाय घासत चालल्यासारखी. मला वाटलं बाबा असतील, पाणी आणलं असेल. वळायच्या आत डोक्यात काहीतरी बसलं."

"सावळीराम पाय घासत चालतात?"

"कायमच. कोणालाही विचारा." त्याने डोळे मिटले. "बाबांवर माझा राग नाही. दादानेच त्यांना तेवढं छळलं होतं."

मी मॅडमकडे विजयी मुद्रेने बघितलं. त्या मोबाईलवरचा व्हिडिओ बघत होत्या.

४

"अहिरे, एक गंमत बघा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी संजनाकडून तो आवाज मागवला आणि व्हिडिओबरोबर लावला. धाड, घाव. धाड, घाव. नऊच्या नऊ. "हा ठोका फक्त हेडफोनमध्ये होता. आवारात शांतता होती. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, त्याच्याकडे हेडफोनही नव्हता. मग ठोका पकडला कसा?"

"तीस वर्षं प्रेस मारली मॅडम. अंगात भिनलंय त्याच्या."

"चाल अंगात भिनते. पण पहिला ठोका कधी पडणार, हे ऐकल्याशिवाय कसं कळेल?"

मी पंजाचा विषय काढला. पंजा तर म्हाताऱ्याचाच ना? दुसऱ्या कोणाला तीन बोटं आहेत?

मॅडमनी माझे कागद पुढ्यात ओढले. पंचनामा वाचला. अटकेचा कागद वाचला. परत पंचनामा. आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"अहिरे, तुम्ही झोपेत लिहिता का? पंचनाम्यात लिहिलंय, कापडावर उजव्या हाताचा पंजा. अटकेच्या कागदात, ओळखीची खूण, डाव्या हाताची करंगळी व अनामिका नाही. पंजा उजवा आणि तुटका हात डावा? मग यात तुमचा आरोपी बसतो कुठे?"

मी डोळे मिटून तो हात आठवला. टेबलावर, माझ्या समोर, माझ्या डाव्या बाजूला. "डावाच होता मॅडम. मी स्वतः..." मी स्वतः त्याच्यावर काठी हाणली होती.

मॅडमनी दवाखान्यात फोन लावला. एकच प्रश्न विचारला आणि ठेवला. "उजवा. मोडलेलं बोटही उजव्याच हाताचं."

"पण मला तर..."

"तुम्ही समोर बसला होता. समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो." बोलता बोलता त्या थांबल्या. मग कागद तसेच टाकून तरातरा बाहेर निघाल्या. मी मागे धावलो.

ऊन डोक्यावर आलं होतं. कापडासमोर उभं राहून मॅडमनी आपला उजवा हात त्या डागाशेजारी धरला. अंगठा डावीकडे, डागाचाही अंगठा डावीकडे. तंतोतंत उजवा. मग त्या कापडाला वळसा घालून मागे गेल्या. मागे रक्त दाट होतं, वाळून काळं पडलेलं. मारणारा तिथे उभा होता, पंजा तिथून दाबला होता, समोर नुसतं झिरपून आलं होतं.

त्यांनी परत उजवा हात धरला. जुळेना. डावा धरला.

जुळला.

"पंजा डाव्या हाताचा आहे," मॅडम म्हणाल्या. "सावळीरामच्या डाव्या हाताला पाचही बोटं आहेत. दोन्ही कागदांत तुम्ही उलटं लिहिलं अहिरे. एकच चूक केली असती तर कदाचित माझ्या लक्षातही आलं नसतं."

मी खाली बसलो.

५

दुपारी बारा वाजता तिघांनाही टाकीच्या सावलीत उभं केलं. मॅडमनी साधीच गोष्ट सांगितली. "सावळीरामबाबा तुटक्या बोटांचा हात वर करतात ना? तसा करून दाखवा. विचार करू नका. एक, दोन, तीन."

संजनाचा उजवा हात वर गेला. महिनाभर त्याच मनगटाला माइक बांधलेला.

पायलने दोन बोटं दुमडली आणि हात वर केला. डावा. योगेशनेही केला. डावा.

"असं का गं?" मॅडमनी पायलला विचारलं.

"बाबा समोर उभे राहून शिकवायचे. दादा म्हणायचा, आरशात बघितल्यासारखं करा. तीन महिने तसंच केलंय. बाबांचा हा हात..." ती अडखळली. आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. "बाबांचा हा हात नाहीये का?"

"नाही. पण तुझ्या अंगाला हाच माहीत आहे. ज्याने बाबांवर आळ यावा म्हणून पंजा उमटवला, त्याच्याही अंगाला हाच माहीत होता. पायल, तू तेव्हा टाकीवर होतीस."

योगेशचा हात अजून वरच होता. त्याने तो हळूहळू खाली घेतला. "नाचणारे आम्ही दोघंच नाही मॅडम. आणि मला तर मारलेलं आहे. मी पावलं ऐकली."

"कशाने ऐकलीस?"

त्याने हात डोक्यावरच्या पट्टीकडे नेला.

"तू बेशुद्ध सापडलास तेव्हा हेडफोन तुझ्या कानावर होता. अहिरेंनी काढला, आत प्रेस चालू होती. चाळीस लोकांना टाळ्या ऐकू आल्या नाहीत, आणि तुला एका म्हाताऱ्याचे पाय घासलेले ऐकू आले? डोक्यामागे एवढा घाव बसला, तरी हेडफोन जागचा हलला नाही? आधी डोकं फोडून घेतलंस, मग हेडफोन चढवून आडवा झालास. खोलीच्या दाराच्या लोखंडी कडेवर केस चिकटलेत. तुझेच निघतील."

योगेश हसला. तसं हसू मी कोणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. पुढच्या क्षणी त्याने संजनाच्या माइकचा लोखंडी स्टँड उचलला आणि मॅडमच्या डोक्यावर फिरवला. मी मध्ये पडलो. स्टँड खांद्यावर बसला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरा घाव पायलच्या दंडाला चाटून गेला, ती किंचाळली. तिसऱ्याला मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघंही फरशीवर आदळलो. त्याचा उजवा गुडघा फरशीवर आपटला तसा तो गुरासारखा हंबरला. तो गुडघा आधीच कामातून गेलेला होता.

"हा नाच माझा होता!" तो माझ्याखाली धडपडत ओरडत होता. "तीन बोटांचा नाच मी बसवला. बाबांच्या घरी आठ आठ दिवस बसून मी शिकलो. त्याने फरशीवर उड्या मारायला लावून माझा गुडघा घालवला, आणि मग म्हणाला, खेळ परदेशात जाईल तेव्हा तुझ्या जागी पुण्याचा पोरगा नेतो, तू आता बस! पत्रकावर माझं नावसुद्धा नव्हतं. मी सोमवारपासून प्रेसवर लागणार होतो मॅडम. माझ्या बापासारखा. प्रेसवर!"

"आणि सावळीरामबाबांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

त्याची धडपड एकदम थांबली. "त्यांनी आदल्या दिवशी धमकी दिली होती," तो म्हणाला. "सोपं होतं."

सोपं होतं. मी त्याच्या हातात बेड्या घालत होतो आणि मला त्याच्या डोळ्यांत बघवेना. त्याने जेवढं सोपं केलं होतं, ते सगळं मी डोळे झाकून गिळलं होतं.

६

चार दिवसांनी मी सिडकोत सावळीरामच्या घरी गेलो. मॅडमनी माझ्याविरुद्ध अहवाल पाठवला होता, तो मी वाचला होता, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. चौकशी व्हायची ती होईल. पण दुरुस्त जबाबावर त्यांची सही पाहिजे होती. मॅडम म्हणाल्या, "शिपाई पाठवू?" मी म्हणालो, मी जातो.

दार भिमाबाईंनी उघडलं, त्यांच्या बायकोने. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हीच का ते?"

"हो मावशी."

त्यांनी वाटेतून बाजूला व्हायला बराच वेळ घेतला.

सावळीराम खाटेवर बसले होते. उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्यांना ऐकू येत नाही हे आता मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी समोर गुडघ्यावर बसलो आणि तोंड नीट दिसेल असं हळू बोललो. चुकलो, म्हणालो. पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"पोरगं धरलं म्हने."

"धरलं."

"माज्या ताटात जेवायचं ते." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "लय चांगलं शिकलं व्हतं. माज्यापरीस चांगला हात करायचं."

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, ओळीओळीवरून डोळा फिरवला आणि एका ठिकाणी थांबले. "हे काय लिवलंय?"

"उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, असं. आधी माझ्याकडून डावा लिहिला गेला होता."

"आनि बोटं कशी गेली, ते?"

"त्याची गरज नाही काका."

"लिवा." त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "जाळी मीच काढली व्हती, लिवा. ते झाकाया म्या धमकी दिली, आनि तिच्या आडून एक मानूस जिवानिशी गेला, दुसरा जेलात. लय वर्सं झाकून ठिवलं."

भिमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी लिहिलं. खांदा ठणकत होता, तरी एकेक अक्षर नीट काढलं. मग पेन त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी पेनाकडे बघितलं, मग गळ्यातल्या प्लास्टरकडे.

"बोटं गेली तवा दवाखान्यात म्हनले, आता अंगठा लावा," ते म्हणाले. "म्या म्हनलं, नाय. सा महिने ह्या तीन बोटांनी सही गिरवली. बँकेत, पगाराला, पोरीच्या लग्नाच्या कागदावर, समदीकडं सही केली. वीस वर्सात एकदा अंगठा नाय लावला साहेब."

तिसऱ्या काठीला वाजलेलं हाड तर्जनीचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ते बोट आता वाकायचं नाही.

भिमाबाईंनी आतून शाईचा डबा आणला. मुलांच्या शिक्क्याचा होता, जांभळ्या शाईचा. त्यांनी नवऱ्याचा डावा हात धरला, अंगठा शाईत दाबला आणि मी दाखवलेल्या जागी कागदावर टेकवला. सावळीराम त्या वेळी दुसरीकडे बघत होते.

मी ठशाखाली नाव लिहिलं, आणि कोणत्या हाताचा अंगठा तेही लिहिलं. डावा. या वेळी दोनदा बघून लिहिलं.